मानाच्या तीन गोळ्या

पदूमामांना पहिली शिंक आली ती केतकीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, आणि ती ऐकून सगळ्या कार्यालयाच्या काळजात धस्स झालं. शिंक तशी साधीच होती. पण ज्या नाकातून ती आली होती, ते नाक उद्या मंगलाष्टकं म्हणणार होतं.

पद्माकर तासगावकर म्हणजे नवरीचे सख्खे मामा. सांगलीच्या एका शाळेत वर्षानुवर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. गोड गळ्याचे, हसऱ्या तोंडाचे आणि रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेणारे. माणूस एरवी सोन्यासारखा, पण एक खोड अशी की कुणाला ‘नको’ म्हणून म्हणता यायचं नाही. मुलगा रडवेला होऊन समोर उभा राहिला की नापासाचा पास व्हायचा. पंगतीत वाढप्याने आग्रह केला की भरल्या पोटावर दोन जिलब्या जास्त जायच्या. सुनंदाताईच्या, म्हणजे केतकीच्या आईच्या लग्नात खरं तर त्यांनीच गायचं ठरलं होतं. पण आयत्या वेळी एका दूरच्या काकांना गायची हुक्की आली, आणि विशीतल्या पद्माकरला त्यांना ‘नको’ म्हणता आलं नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात तो मागे उभा राहून नुसता अक्षता टाकत राहिला. काकांचा सूर कुठे लागला नाही तो नाहीच.

म्हणून केतकीच्या लग्नाची मंगलाष्टकं त्यांनी स्वतः रचली होती. सहा महिने मात्रा आणि गण जुळवत बसले होते. आंघोळ करताना म्हणत, भाजी निवडताना म्हणत, इतकी की उज्ज्वलामामींना ती झोपेतही पाठ झाली होती. काहीही झालं तरी भाचीच्या मागे उभं राहून ती आपणच म्हणायची, एवढी एकच गोष्ट त्यांना या लग्नाकडून हवी होती.

आणि नेमकी आता सर्दी.

“काही दाही,” ते सगळ्यांना सांगत सुटले. “उद्यापर्यंत बोकळं होईल.”

नाक बंद झालं की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला याइतकी मोठी शिक्षा नाही.

*

या गोष्टीत एक भिकबाळीही आहे, तिच्याबद्दल आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

केतकी इंजिनिअर. तिने आणि तिच्या चमूने दोन वर्षं खपून कानात घालायची एक भिकबाळी तयार केली होती. दिसायला अगदी जुन्या पद्धतीची, सोन्याची तार आणि दोन मोती. पण तारेचा जो भाग कानाच्या वरच्या पाळीला टेकतो, तिथे डोळ्यांना न दिसणारे कृत्रिम रेणू बसवलेले होते. प्रत्येक रेणू एखाद्या कुलपासारखा, त्यात ठरावीक औषधाचीच किल्ली बसायची. आपण गोळी घेतली की ती आधी रक्तात आणि मग कातडीखालच्या पेशींमधल्या पाण्यात उतरते. ते पाणी भिकबाळीला लागलं, की कोणती किल्ली कोणत्या कुलपात बसली आणि किती बसल्या, हे तिला कळायचं. शिवाय नकली औषधांना आळा घालण्यासाठी आता प्रत्येक कंपनीला आपल्या गोळीत एक निरुपद्रवी खूण घालावी लागत होती. त्यामुळे औषध कोणतं एवढंच नाही, तर ते कोणत्या रंगाच्या, कोणत्या नावाच्या गोळीतून आलं, हेही तिला सांगता यायचं. रक्तदाब, ताप, शिंका आणि रक्तातली साखरही ती टिपायची.

मोत्याआड नखाएवढाही नाही असा एक स्पीकर होता. भिकबाळी कानात कुजबुजायची, आणि तीही केतकीच्याच आवाजात. पहिला नमुना तिने मामाच्या कानात घातला होता. आणि एक नियम तिने मुद्दाम घातला होता: औषधाचं प्रमाण धोक्याच्या वर गेलं आणि माणूस ऐकत नसेल, तर जवळ जो कुठला स्पीकर जोडलेला असेल त्यातून मोठ्याने बोलायचं. एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्या बाजूला कुणी असलं तर त्याला तरी ऐकू जावं, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त ‘जवळचा स्पीकर’ म्हणजे टीव्ही किंवा फोन असं केतकीच्या डोळ्यांसमोर होतं. लग्नाचा मांडव तिच्या डोळ्यांसमोर नव्हता.

*

लग्नाच्या सकाळी पदूमामा उठले ते नाक गच्च घेऊनच. मामींनी त्यांना पातेल्यापुढे बसवून वाफ दिली, डोक्यावरून टॉवेल टाकला आणि बजावलं, “कुणाकडून काही औषध घेऊ नका. तुमचं ब्लडप्रेशर आहे. ऐकताय ना?”

“हो,” टॉवेलाखालून आवाज आला. त्यांना ‘हो’ म्हणायला कधीच अडचण नव्हती.

वाफेने नाक जरा सुटलं. पण कार्यालयाच्या दाराशी आले आणि पुन्हा गच्च झालं. मांडव बघण्यासारखा सजला होता. खांब न खांब झेंडूने मढवलेला, वर झेंडूचं छत, पायाखाली झेंडूचीच रांगोळी. बाजारात नुकताच आलेला नवा वाण होता तो, पंधरा दिवस न सुकणारा, मुठीएवढ्या फुलाचा. विहीणबाईंनी हौसेने टेम्पो भरून बेळगावाहून आदल्या संध्याकाळीच आणवला होता. पदूमामांनी कौतुकाने मान वर केली आणि लागोपाठ चार शिंका दिल्या.

त्या शिंका ऐकून शोभाआत्या धावतच आल्या. केतकीच्या वडिलांची ही थोरली बहीण कोल्हापूरची, प्रेमळ आणि हुकमी.

“पदू, आ कर.”

“आत्या, बी सकाळीच...”

“आ कर म्हणते ना! आमच्याकडं सगळ्यांना ह्याच गोळीनं गुण येतो. घे की रे!”

लाल गोळी जिभेवर आली. नवऱ्यामुलाच्या माणसांसमोर नवरीच्या आत्याचा हात मागे सारणं म्हणजे लग्नभर पुरेल एवढा रुसवा विकत घेणं. पदूमामांनी गोळी गिळली.

ही मानाची पहिली गोळी. लग्नात नारळाचा मान असतो, पानसुपारीचा मान असतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोळीचाही मान असतो हे त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने भिकबाळी हळूच म्हणाली, “मामा, ही सर्दीची दुहेरी गोळी आहे. तुझ्या रक्तदाबाला चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नकोस.”

“बरं,” मामा म्हणाले.

दुहेरी म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. नाकात परागकण शिरले की शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडून आरडाओरडा सुरू करतं. शिंका, खाज, पाणी हा सगळा त्याचाच गोंधळ. गोळीतलं एक औषध त्या हिस्टामिनचं तोंड बंद करतं. पण या जातीची जुनी औषधं मेंदूतही जातात आणि तिथेही सामसूम करतात, म्हणून पेंग येते, तोंड कोरडं पडतं. दुसरं औषध नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे श्वासाला वाट मिळते. मात्र पोटातून आलेल्या औषधाला नाक कुठलं आणि बाकीचं शरीर कुठलं ते कळत नाही. ते वाटेतल्या सगळ्याच वाहिन्या आवळत जातं. रक्तदाब चढतो, छाती धडधडते, आणि वय झालेल्या पुरुषांची लघवीही अडते. एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर, अशी ती गाडी. एक गोळी, धडधाकट माणसाने, वेष्टनावरचं वाचून घेतली तर सहसा ठीक चालते. पदूमामा धडधाकट नव्हते, आणि वेष्टन त्यांनी पाहिलंही नव्हतं.

पुण्याहवाचनाच्या वेळी गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींना मंगलाष्टकांची फार काळजी. मामांचा आवाज बसला तर ती त्यांनाच म्हणावी लागणार होती, आणि त्यांना त्यानंतर दुसरं लग्न गाठायचं होतं. त्यांनी उपरण्याच्या गाठीतून एक पांढरी गोळी काढली, मामांच्या तळहातावर ठेवली आणि वर पळीभर पाणी सोडलं. समोर कलश, बाजूला समई, हातावर पळीचं पाणी. अशा वेळी मराठी माणसाचा हात आपोआपच तोंडाकडे जातो. मामांचाही गेला.

“मामा,” भिकबाळीचा आवाज आता जरा चढला होता, “हे तेच औषध आहे. गोळी दुसरी, औषध तेच. आता कुणी काही दिलं तर नको म्हण. फक्त नको म्हण.”

पदूमामांच्या कपाळावर घाम आला. सहा महिन्यांत त्यांनी शार्दूलविक्रीडितात आठ कडवी रचली होती, पण हा दोन अक्षरांचा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. भिकबाळी काढली, रुमालात गुंडाळली आणि झब्ब्याच्या खिशात टाकली.

तेवढ्यात वैजयंतीबाई आल्या. नवऱ्यामुलाच्या आई, विहीणबाई, बेळगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे भलेभले ताठ उभे राहायचे.

“व्याही, तुमचा आवाज ऐकायला आमची सगळी मंडळी थांबली आहेत. ही घ्या. आमच्याकडच्या मोठ्या डॉक्टरांची आहे, दिवसभर चालते.”

अर्धी पिवळी, अर्धी निळी कॅप्सूल. चांदीच्या वाटीत. वर पाण्याचा पेला घेऊन स्वतः विहीणबाई उभ्या. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण नको म्हणेल? पदूमामांनी तर हात जोडून ‘आभारी आहे’ असंही म्हटलं.

*

नाक मोकळं झालं, यात वाद नाही. पण बाकीचं सगळं बिघडलं. घसा इतका कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटायला लागली. छातीत कुणीतरी हलगी वाजवत होतं. डोळ्यांवर पेंग, पण खुर्चीत बसवेना. दोनदा बाथरूमला जाऊन तसेच परत आले. ‘गायची धाकधूक आहे, दुसरं काही नाही,’ असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मुहूर्त आला. पदूमामांनी केतकीला हाताला धरून मांडवात आणलं आणि तिच्या मागे उभे राहिले. मध्ये अंतरपाट, पलीकडे नवरा मुलगा निनाद, हातात हार घेऊन लाजत उभा. गुरुजींनी मामांकडे पाहून मान हलवली.

मामांनी खिशातून भिकबाळी काढून कानात घातली. घालावीच लागली, कारण तानपुऱ्याचा सूर त्यांना तिच्यातूनच मिळणार होता. कार्यालयाच्या ध्वनियंत्रणेला ती सकाळीच जोडून ठेवलेली होती. चारही कोपऱ्यांतल्या मोठ्या स्पीकरांतून तानपुरा घुमू लागला. हातातल्या अक्षता सावरून सगळे शांत झाले. मामांनी डोळे मिटले, श्वास भरून घेतला.

तानपुरा बंद पडला.

“मामा,” केतकीचा आवाज सबंध कार्यालयात घुमला.

चारशे माणसांनी नवरीकडे पाहिलं. नवरी ओठ मिटून, खाली मान घालून उभी होती. मग तिनेही दचकून वर पाहिलं.

“मामा, तुझ्या रक्तात सर्दीचं औषध तिप्पट झालंय. लाल गोळी, पांढरी गोळी आणि पिवळी-निळी कॅप्सूल. तिन्हींची नावं वेगळी, पण आत औषधं तीच. तुझा रक्तदाब फार वाढलाय. जवळ जे कुणी असेल त्यांनी मामाला आधी खाली बसवा.”

“अगं बाई, लाल तर माझीच की!” आत्या ओरडल्या.

गुरुजींनी नकळत उपरण्याची गाठ मुठीत लपवली. विहीणबाईंचा चेहरा उतरला.

“मामा, आणखी एक,” आवाज शांतपणे, डॉक्टरांना शोभेल अशा मायेने पुढे म्हणाला, “लघवीला अडतंय का? हो किंवा नाही, सांग.”

कार्यालयात इतकी शांतता पसरली की छतावरचं झेंडूचं फूल गळलं असतं तरी ऐकू आलं असतं. ‘नाही’ म्हणणं पदूमामांच्या स्वभावात नव्हतं. आणि माईक चालू होता.

“हो,” ते म्हणाले.

*

पहिल्यांदा मागच्या रांगेतलं एक लहान पोर हसलं, मग त्याची आई, आणि मग हसू सगळ्या मांडवभर पसरलं. पण डॉक्टर रेहाना अत्तार हसल्या नाहीत. केतकीची ही शाळेपासूनची मैत्रीण, मिरजेत दवाखाना चालवणारी. हातातल्या अक्षता ओट्यावर ठेवून ती सरळ मांडवात चढली आणि मामांना दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. मागोमाग अंतरपाट तसाच सोडून, शालू सावरत केतकी. तिच्यामागे मामी.

रेहानाने रक्तदाब मोजला, नाडी पाहिली, छातीत दुखतंय का, डोकं ठणकतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, सगळं विचारलं. मामींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“घाबरायचं कारण नाही,” रेहाना शेवटी म्हणाली. “पण थट्टेवारी नेण्यासारखंही नाही. हे असंच उभं राहून वरच्या पट्टीत गायला लागले असते, तर काहीही झालं असतं. आता पडून राहायचं. पाणी थोडं थोडं. चहा-कॉफी बंद. यापुढे आपणहून एकही गोळी नाही, मी सांगेन तीच. मी इथेच बसते. संध्याकाळपर्यंत औषध उतरेल. छातीत दुखलं किंवा लघवी तशीच अडून राहिली, तर मात्र तडक दवाखाना, मग लग्न असो की आणखी काही. आणि मामा, आज गाडीला हात लावायचा नाही. वरातीच्या गाडीची किल्ली द्या इकडे.”

मामांनी मुकाट्याने किल्ली दिली.

“संध्याकाळपर्यंत?” ते म्हणाले. “पण मुहूर्त...”

बाहेर गुरुजी घसा साफ करताना ऐकू येत होते. ते सुरुवात करणार, हे उघडच होतं. पदूमामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. बहिणीच्या लग्नात एकदा, भाचीच्या लग्नात पुन्हा. माणसाने आयुष्यात एकच साधी गोष्ट मागावी आणि दोन्ही वेळा ती स्वतःच्याच भिडेपायी घालवावी!

केतकी त्यांच्या उशाशी बसली. ती रागावलेली होती आणि घाबरलेलीही.

“कानात सांगत होते ना मी तुला? तरी काढून ठेवलीस?”

“तू बरोबरच सांगत होतीस गं. तुझी भिकबाळी अगदी हुशार आहे. पण ती मला सांगते. आत्याला कोण सांगणार? विहीणबाईंना कोण सांगणार? तिथे माझंच तोंड उघडायला हवं, आणि ते उघडत नाही.”

दोन वर्षं केतकीने एकच गोष्ट गृहीत धरली होती, की माणसं चुकतात ती माहिती नसल्यामुळे. माहिती दिली की झालं. आणि इथे माहिती अगदी कानाशी होती, सोन्याच्या तारेत, लाडक्या भाचीच्या आवाजात. तरी चांदीच्या वाटीपुढे तिचं काही चाललं नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली, “म्हण बघू, नको.”

“आता?”

“आता. मी तुला गोळी देतेय समज. म्हण.”

“न... अगं, तू एवढ्या प्रेमाने देतेयस तर...”

केतकीला हसू फुटलं. मग मामींना, मग रेहानालाही. आणि त्याच वेळी दारात वैजयंतीबाई येऊन उभ्या राहिल्या.

“मी गुरुजींना थांबवलंय,” त्या म्हणाल्या.

“विहीणबाई, माझ्यामुळे मुहूर्त टळायला नको...” मामा उठायला लागले.

“पडून राहा. मी बोलतेय.” मुख्याध्यापिकेच्या त्या आवाजाने मामा पुन्हा आडवे झाले. “गोळी माझी होती. तुम्हाला काय आजार आहे, आधी काय घेतलंय, एका शब्दाने विचारलं नाही मी. शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर बाकावर उभा केला असता. गुरुजींना विचारलंय, संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे, तोवर ते आपलं दुसरं लग्न लावून परत येतील. त्यावर लग्न लावू. आत्ता पंगती बसवतो.”

“आधी जेवणं आणि मग लग्न?” मामी चाचरत म्हणाल्या.

“भुकेल्या माणसांपेक्षा जेवलेली माणसं मंगलाष्टकं नीट ऐकतात,” विहीणबाई म्हणाल्या. मग रेहानाकडे वळून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, ही सर्दी कशाची?”

रेहानाने भिकबाळीच्या नोंदी फोनवर पाहिल्या. “ताप नाही, अंगदुखी नाही. मांडवात आलं की वाढते, बाहेर गेलं की कमी होते. मला वाटतं...” ती जरा अडखळली. “तो झेंडू. नव्या वाणात पराग फार आहे.”

बेळगावाहून टेम्पो भरून आणलेला झेंडू! खोलीतल्या कुणाचीच विहीणबाईंकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी पदर खोचला आणि त्या बाहेर पडल्या. लगेच त्यांचा आवाज मांडवभर घुमला, तोही स्पीकरशिवाय. “निनाद! हार ठेव बाजूला आणि शिडी आण. सगळा झेंडू उतरवायचा!”

*

अशा रीतीने ते लग्न उलटं लागलं. दुपारी पंगती झाल्या. नवरा मुलगा मुंडावळ्या बांधून शिडीवर चढला होता आणि माळा खाली टाकत होता. पाहुण्यांनी त्या पाट्यांत भरून मागच्या शेताकडे नेल्या. आत्या खांबांवरचा पराग ओल्या फडक्याने पुसून घेत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, “लाल गोळी माझी होती, पण मी काय तिन्ही देत होते काय?” कुणीतरी आंब्याची डहाळी आणली, कुणी अशोकाची पानं. संध्याकाळपर्यंत मांडव हिरवागार झाला आणि उगाचच जास्त शोभायला लागला.

पदूमामा खोलीतच दोन जिलब्यांसकट जेवून झोपले. मनासारखे झोपले. उठले तेव्हा छातीतली हलगी थांबली होती. बाथरूमला जाऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मामींचा जीव भांड्यात पडला. रेहानाने पुन्हा रक्तदाब पाहिला, मान डोलावली, कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायला लावलं आणि म्हणाली, “उभे राहा, पण पट्टी उतरवून गा. ताणायचं नाही.”

सूर्य कलला. गाई परतायची ती वेळ. हल्ली त्या रस्त्याला गाई कुठल्या, स्वतःची स्वतः धावणारी पाहुण्यांची वाहनं ओळीने उभी होती. पण उजेड तोच होता, मऊ आणि सोनेरी. मांडवात कुणी फूल माळलेलं नव्हतं. बायकांनी आपापले गजरेसुद्धा काढून ठेवले होते. पदूमामांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना हात जोडले.

ते केतकीच्या मागे उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. तानपुरा सुरू झाला आणि या वेळी थांबला नाही. मामांनी तोंड उघडलं. ‘म’ ‘म’सारखा आला आणि ‘न’ ‘न’सारखा.

सात कडवी त्यांनी सहा महिने घोटली होती तशीच म्हटली. सुनंदाताई पदराने डोळे टिपत होती. तिच्या लग्नातली ती राहून गेलेली गोष्ट तिलाही आठवत असणार. आठव्या कडव्याला मामा थांबले. गुरुजींना वाटलं, विसरले. केतकीला वाटलं, पुन्हा काही झालं. पण मामांच्या डोळ्यांत तिने लहानपणापासून ओळखलेलं एक मिश्कील हसू होतं. आठवं कडवं त्यांनी खोलीत पडल्या पडल्या बदललं होतं.

भाची आज निघे नव्या घरकुली, मामा उभा मागुती,
पाणी लोचनि, हासणे मुखि परी, सर्दी मला सोबती,
आत्या, श्रीगुरुजी, विहीण सगळे देती दवा आवडी,
त्यांना मी म्हणतो ‘नको’ हसुनिया, कुर्यात् सदा मंगलम्!

‘नको’ त्यांनी असा काही खणखणीत म्हटला की अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून तो अर्धा निसटलाच. निनाद आणि केतकीने एकमेकांना ठरल्या वेळेच्या आधीच पाहिलं आणि दोघंही खदाखदा हसत सुटले. अक्षता, टाळ्या, सनई, सगळं एकदम कोसळलं. गुरुजीही हसत होते. आत्या म्हणत होत्या, “बघा, माझं नाव पहिलं घेतलंय!” आणि पदूमामा भाचीच्या मागे ताठ उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा, तेही चारशे माणसांसमोर आणि वृत्तात बसवून, त्यांनी नको म्हटलं होतं.

हार घालून झाले. वैजयंतीबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत आल्या. हातात पुन्हा तीच चांदीची वाटी. केतकीने श्वास रोखला.

पदूमामांनी वाटीकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “विहीणबाई, राग मानू नका. पण नको.”

“अहो व्याही,” वैजयंतीबाईंनी वाटीवरचं झाकण काढलं, “कंदी पेढे आहेत.”

मांडवात हशा उसळला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते पदूमामाच. त्यांनी एक पेढा उचलला. मग दुसरा.

“मामा,” भिकबाळी कानात हळूच म्हणाली, “आज जेवणानंतर तू दोन जिलब्या...”

“तुलाही ‘नको’,” पदूमामा म्हणाले, आणि दोन्ही पेढे एकदमच तोंडात टाकले.